फुटाळा तलावावरच्या प्रॅक्टिकलबद्दल, फोटोग्राफी क्लासकडून उत्तर

नमस्कार भाऊ, तुमचा एक स्टारवाला रिव्ह्यू वाचला. त्रास झाला त्याबद्दल सॉरी, मी चारचौघात चिडून बोललो तेही नको होतं.

पण "दोन तासाचं प्रॅक्टिकल चाळीस मिनिटांत गुंडाळलं" हे जे लिहिलं ना तुम्ही, ते वाचून रात्रभर झोप नाही लागली. ग्रुपवर शनिवारीच टाकलं होतं, साडेपाचला फुटाळ्यावर या, कारण मे मध्ये आपल्या नागपुरात पावणेसहाच्या आतच सूर्य वर येते आणि तो मऊ उजेड तासभरही टिकत नाही, सातनंतर तर डोळ्याखाली काळ्या सावल्या पडतात, पोर्ट्रेट काढायचं कसं? बाकीचे सगळे वेळेवर होते. तुम्ही आले सहा पन्नासला, हातात तर्री पोह्याचं पार्सल. साडेसातला संपणारच होतं, मग चाळीस मिनिटंच मिळतील ना भाऊ.

आणि फोटो पांढरेफट्ट आले ते शिकवलं नाही म्हणून नाही. आदल्या दिवशी क्लासमध्ये ट्यूबलाइटखाली आयएसओ (कॅमेरा उजेड किती जोरात पकडते तो आकडा) १६०० ठेवला होता तो तसाच, त्यात एफ ५.६ (लेन्सचं भोक बऱ्यापैकी उघडं) आणि शटर १/१२५ (म्हणजे सेकंदाचा एवढा भाग उजेड आत येते), भर उन्हात! १०० वर आणा म्हणून दोनदा सांगितलं, तुम्ही फोनवर होते. शेवटी मीच आयएसओ १०० आणि शटर १/५०० करून दिलं तेव्हा तो चहावाल्याचा फोटो आला, जो सध्या तुमच्या डीपीला आहे. (छान आलाय, खरंच.)

चिडलो ते लेन्स बदलताना. तलावावर वारा सुटलेला, धूळ उडते आहे आणि तुम्ही कॅमेऱ्याचं उघडं तोंड आभाळाकडे करून उभे. आतल्या सेन्सरवर (ज्यावर फोटो उमटते) धूळ बसली तर सफाईचे पैसे तुमच्याच खिशातून जातात, म्हणून जीव तुटला.

फीचे २५०० रुपये जास्त वाटले असतील तर काय बोलू, त्यातच हॉलचं भाडं निघते. वेळेचं काहीतरी बघतो, जमलं तर संध्याकाळची बॅचही ठेवू, सेटिंगची एक चिठ्ठीही सगळ्यांना देऊ.

येत्या रविवारी परत या, पैसे नको. पोहे आपण नंतर सोबत खाऊ, फक्त साडेपाचला या.