हवेतला सव्वा तास

नागपूरचा माणूस अंतराच्या बाबतीत जरा शिष्टच. झिरो माईलचा दगड आमच्या गावात, त्यामुळं दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता सगळी आम्हाला बाजूचीच वाटतात. त्यात मुंबई तर हवाई मार्गानं ७०० किलोमीटरच्या आत. जेटचा वेग ताशी ८०० च्या घरात. सव्वा तास धरा.

सव्वा तास अगदी बरोबर आहे. फक्त तो विमानाला लागतो, माणसाला नाही.

आमचं घर खामल्यात. सोनेगावचा विमानतळ इतका जवळ की विमान उडालं की टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. तरी डोंबिवलीच्या लग्नाला निघायचं, म्हणून दहाच्या विमानासाठी पहाटेच सगळं घर उठलेलं. आधी वजनकाटा. परवानगी १५ किलोची, बॅग साडेसोळा. आईनं शांतपणे टॉवेल बाहेर काढला, मग माझे दोन शर्ट. संत्रा बर्फी आणि लोणच्याच्या बरणीकडे बघायचीही सोय नव्हती. बरणी हातातल्या पिशवीत घेतली तर तपासणीत तिथंच ठेवून घेतात, हे तिला पक्कं माहीत. "शर्ट तिकडं भेटते. हे लोणचं भेटते का?" शेवटी मी शर्टावर शर्ट चढवून निघालो. मे महिन्यात. नागपुरात.

तिकिटावर दीड तासाच्या वर वेळ असतो. विमान जागेवरून हललं की मुंबईला जागेवर उभं राहीपर्यंतचा तो हिशोब. धावपट्टीकडं रांगत जाणं, ताटकळणं, वरच्या घिरट्या, सगळं त्यात आधीच मुरवलेलं. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकदम चालवता येत नाहीत. आमचं विमान तीच खाडी, तोच डोंगर पुन्हा पुन्हा दाखवत राहिलं. शेजारचे आजोबा नातवाला म्हणाले, "हे तं मघाशीच झालं न बे!" एवढं होऊन, उतरल्यावर घोषणा काय, तर आपण वेळेच्या आधी पोचलो.

यापेक्षा पत्रांची चैन होती. १९४९ साली रात्रीचं हवाई टपाल सुरू झालं, तेव्हा चारही महानगरांतून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात भेटायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि आपापल्या गावी परतायची. पत्रांना बॅगेची वाट बघत फिरत्या पट्ट्यापाशी उभं राहावं लागत नसे.

पुढं विमानतळ ते डोंबिवली टॅक्सी. त्याबद्दल मी बोलणार नाही.

दार काकाजींनी उघडलं. तेही याच लग्नाला आलेले. आदल्या संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेसमध्ये पाय ताणून झोपले आणि पहाटे कल्याणला उतरले. अंघोळ, पोहे, जेवण, वर एक डुलकी, सगळं उरकून ताजेतवाने. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं, एकेक कॉलर मोजली.

"काहून रे, विमानात लय थंडी राहते का?"