जेलातल्या बेवड्यांवर आपला एक रुपया पण खर्च होऊ देऊ नका

समजा उद्या नवीपेठेत चहा पिताना कोणी म्हणालं की सोलापूरच्या जिल्हा कारागृहात कैद्यांची दारू-गांजा सोडवायला सरकारनं पैसे द्यावेत, डॉक्टर ठेवावा, समुपदेशक ठेवावा, तर कप खाली ठेवा आणि लगेच बोला, "आमच्या टॅक्सच्या पैशावर बेवड्यांचे लाड कशाला बे?" आजूबाजूचे चार जण मान हलवणारच, गॅरंटी आहे.

फक्त टॅक्सचा विषय फार ताणू नका, तिथं घोळ आहे. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळानं विदेशी दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं तेव्हा तिजोरीत वर्षाला 14,000 कोटी जास्तीचे येतील असा हिशोब मांडला होता. आता ते कोण भरणार? तोच की, ज्याचे लाड नकोत. आपण मार्चमध्ये सीएला फोन करून टॅक्स कसा वाचवायचा विचारतो आणि तो बिचारा रोज संध्याकाळी क्वार्टरमागं न चुकता भरतो. हातभट्टीवाला भरत नाय हे खरं, पण निदान त्याच्याकडं कोणीतरी बघितलं, 2021 मध्ये ग्रामीण पोलिसांनी ऑपरेशन परिवर्तन काढून मुळेगाव तांड्यावर भट्ट्या लावणाऱ्यांना दुसरा धंदा द्यायचा घाट घातला, चांगलंच काम होतं ते. म्हणजे गाळणाऱ्याचं पुनर्वसन झालं, पिणारा आपला तसाच.

मग दुसरा मुद्दा काढा. "आत टाकला की आपोआप सुटते, औषध कशाला?" हा मुद्दा लय भारी आहे कारण पहिले दोन दिवस तो खरा पण वाटतो. रोज पिणाऱ्याची एकदम बंद झाली की आधी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, आणि दोन-तीन दिवसांत काहींना भिंतीवर किडे दिसायला लागतात, समोर नसलेल्या माणसाशी बोलतात, फिट येते, आणि वेळेत औषध नाय मिळालं तर माणूस जातो पण. औषध म्हणजे काय तर आठवडाभर कमी कमी करत द्यायच्या क्लोरडायझेपॉक्साईडच्या गोळ्या आणि बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं, काही परदेशातून मागवायचं नाय. पण तुम्ही म्हणा, "नाटक करतंय." मग रात्री दीडला फिट आली की गाडी काढा, सिव्हिलला न्या, कॉटला बेडी लावा, वॉर्डाबाहेर दोन पोलीस बसवा, एकाकडं चावी, दुसऱ्याचं मोबाईलवर रील चालू. डिझेल, एस्कॉर्ट, आयसीयू, सगळं मिळून गोळ्यांच्या कितीतरी पट होतं, पण घाबरू नका, तो खर्च वेगळ्या हेडखाली पडतो. वेगळ्या हेडखाली पडलेला खर्च खर्च नसतो हे सरकारी हिशोब बघितलेल्या कुणालाही विचारा.

कोणी "गुन्हेगारांवर खर्च नको" म्हणालं तर जोरात टाळी द्या आणि 2022 ची तुरुंगांची सरकारी आकडेवारी लपवून ठेवा, कारण त्यात देशातले 75.8 टक्के कैदी कच्चे आहेत, म्हणजे गुन्हा अजून सिद्धच झालेला नाय. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा तर कोणाला वाचूच देऊ नका. दारू आणि ड्रग्जमुळं होणारा मानसिक त्रास त्यात आजार म्हणून धरलाय, वर प्रत्येक राज्यात निदान एका जेलाच्या दवाखान्यात अशा उपचारांची सोय हवी असं पण लिहिलंय. एनडीपीएसच्या, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याच्या, कलम 39 मध्ये व्यसनी आरोपी सेवनाच्या किंवा थोड्याशा मालाच्या गुन्ह्यात दोषी ठरला तरी कोर्ट त्याला उपचाराला पाठवू शकतं. असले कायदे कपाटातच बरे.

आणि अगदीच खर्च करायची खाज आली तर 26 जूनला करा. अंमली पदार्थविरोधी दिन. मोठा फ्लेक्स, त्यावर साहेबांचे फोटो, कैद्यांना ओळीत उभं करून हात पुढं, शपथ, फोटो, झालं. 2 ऑक्टोबरला तोच फ्लेक्स तारीख चिकटवून परत वापरता येतो (बचत!). समुपदेशक ठेवलाच तर कंत्राटी ठेवा, मानधन चार महिने लटकवा, तो स्वतःच सोडून जाईल, मग "योजनेला प्रतिसाद नाही" असा शेरा मारायचा. एम्सनं केलेल्या 2019 च्या देशव्यापी सर्वेक्षणात दारूचं व्यसन जडलेल्या 38 जणांत एकालाच कसलातरी उपचार मिळतो असं निघालं होतं, तो एक पण कमी करायला फार कष्ट लागत नाहीत.

आता एक खबरदारी. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी आपल्या चिंचोळी एमआयडीसीत एमडी (मेफेड्रोन नावाचा ड्रग) बनवायचा कारखाना पकडला होता, म्हणजे माल काही लांबून यायची गरज नाय. उद्या तुमचाच पुतण्या, इंजिनिअरिंगवाला, पुडीसकट सापडला तर वरची सगळी वाक्यं विसरा. ओळखीच्या पुढाऱ्याला फोन लावा, आवाज एकदम खाली आणा आणि म्हणा, "साहेब, पोरगं गुन्हेगार नाय हो, आजारी आहे, त्याला ट्रीटमेंटची गरज आहे, आत डॉक्टर बिक्टर येतो का काय?"