मोहरीची उशी, दाबून गोल केलेलं डोकं आणि तो फॉरवर्ड

गेले काही महिने एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल, फॅमिली ग्रुपवर बारशाचे फोटो पडले की त्यांच्या खाली कोणीतरी हमखास टाकतंच. सार असं की बाळाचं डोकं मागून चपटं राहिलं तर मेंदूला जागा मिळत नाही आणि मूल मंद होतं, म्हणून पहिल्या दिवसापासून मोहरीची उशी द्या, रोज मालीश करताना डोकं दाबून गोल करून घ्या, टाळू तेलाने भरा, जमेल तेवढं पालथं झोपवा, आणि हे सगळं सव्वा महिन्याच्या आत, कारण नंतर हाड पक्कं होतं आणि मग हेल्मेटशिवाय (डोक्याला आकार यावा म्हणून बाळाला घालतात ते) इलाज नाही. खाली हात जोडलेले आणि "प्रत्येक आईपर्यंत पोचवा".

मी सिंधुदुर्गात फिजिओथेरपिस्ट आहे, मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यातली बाळं माझ्याकडे येतात, आणि हल्ली आया बाळाच्या आधी मोबाइल पुढे करतात. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी ती भीती, कारण बाकी सगळा मेसेज तिच्यावर उभा आहे. चपट्या डोक्यात मेंदूला जागा कमी पडत नाही. बाळाची कवटी एकसंध नसते, हाडं सुटी असतात, मधले सांधे मोकळे, आणि आतून मेंदू वाढतो तशी ती हाडं बाहेर सरकतात. जन्मताना डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर, पहिले ३ महिने तो महिन्याला जवळजवळ २ सेंटिमीटरने वाढतो, वर्षाच्या वाढदिवसाला ४६ च्या आसपास. इतक्या वेगाने वाढणारं डोकं दिवसरात्र एकाच जागी टेकलेलं असेल तर तिथे वाढायला वाव नाही, मग ते दुसरीकडे वाढतं. आतली जागा तेवढीच, आकार वेगळा. कोणाचं मागून सपाट आणि रुंद होतं, कोणाचं एकाच बाजूला सपाट आणि त्या बाजूचा कान नि कपाळ जरासं पुढे. कॅनडातल्या कॅलगरीमध्ये ७ ते १२ आठवड्यांची ४४० बाळं तपासली होती, २०१३ साली तो अभ्यास छापून आला, त्यात जवळजवळ ४७ टक्के बाळांचं डोकं कमीजास्त चपटं निघालं, बहुतेकांचं सौम्य. मेसेज खरा असता तर अर्धं कॅलगरी मंद निघालं असतं की!

एक गोष्ट मात्र खरी, चपट्या डोक्याच्या काही मुलांना मान धरायला, पालथं पडायला जरा उशीर होतो असं दिसलेलं आहे. पण बहुतेक वेळा गाडी उलट दिशेने जाते, जे बाळ मुळातच कमी हलतं, वेळेआधी जन्मलेलं असतं, ज्याची मान ढिली असते ते एकाच बाजूला पडून राहतं आणि म्हणून चपटं होतं. म्हणजे असं बाळ दिसलं तर त्याच्या हालचाली तपासून घ्यायच्या, डोकं दाबत बसायचं नाही.

आता दाबण्याबद्दल, कारण यावर घराघरात भांडणं होतात. न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींबद्दल मला आदर आहे, त्यांच्या पायावर बाळ ज्या निवांतपणे पडून असतं तसं माझ्या टेबलावर कधीच पडत नाही. पण डोकं त्यांच्या हाताने गोल होत नाही. नॉर्मल डिलिव्हरीत बाळ बाहेर येताना हाडं एकमेकांवर सरकतात, डोकं लांबुडकं दिसतं, व्हॅक्यूम लावला असेल तर आणखीच, आणि हे काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप जागेवर येतं. नेमके तेच आठवडे मावशींच्या मालीशचे. त्यामुळे श्रेय मावशींना, साडीचोळी मावशींना, आणि पुढच्या बाळालाही तेच दाबणं. उलट कधीकधी डिलिव्हरीत डोक्यावर रक्त साकळून टेंगूळ आलेलं असतं, ते आपलं आपण जिरतं, त्याला आठवडे लागतात, महिनाही लागतो, आणि त्यावर कोणीही जोर लावायचा नाही. हिशोब करून बघा, नवजात बाळ दिवसाचे १४ ते १७ तास झोपतं, त्यातले बरेचसे तास डोकं एकाच जागी टेकलेलं, त्यापुढे सकाळची पाच मिनिटं दाबून काय होणार? दाबून आकार येत नाही, टेकलेल्या जागेवरचा दाब काढला की येतो.

गंमत अशी की मावशी करतात त्यात खरं औषध आहे, फक्त ते डोक्यापाशी नाही. पाय लांब करून बसतात, पुढून चोळून झालं की बाळाला पायावर पालथं घालतात, पाठ चोळतात, आणि तेवढ्यात ते बाळ मान उचलायची धडपड करतं, नाक वर, परत खाली, परत वर. आम्ही ज्याला टमी टाइम म्हणतो तो हाच. जागं असताना, कोणीतरी समोर बसलेलं असताना पोटावर टाकायचं, घरी आणल्यापासूनच, सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा तीन-चार मिनिटं, मग वाढवत न्यायचं. जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगतेय की रांगायच्या आधीच्या बाळाला जागेपणी पोटावर दिवसभरात मिळून निदान अर्धा तास मिळावा. जमिनीवर रडलं तर आपल्या छातीवर पालथं घ्या, मांडीवर आडवं घ्या, तेही चालतं. मावशींना फक्त एवढंच सांगायचं की डोक्याची पाच मिनिटं पाठीला द्या.

पण यावरून मेसेजचा "पालथं झोपवा" बरोबर ठरत नाही, आणि हाच त्या मेसेजमधला सगळ्यात धोक्याचा भाग आहे. जागं असताना पालथं, झोपताना कायम पाठीवर, यात तडजोड नाही. पालथं झोपलेल्या लहान बाळाला झोपेतच अचानक दगावायचा धोका जास्त असतो. अमेरिकेत १९९२ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळांना पोटावर झोपवू नका असं सांगितलं, १९९४ पासून पाठीवर झोपवा म्हणून देशभर मोहीम चालली, आणि पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू निम्म्याच्या आसपास खाली आले. चपटी डोकी त्यानंतर वाढली हे खरंच आहे, कोणी लपवत नाही. पण चपटं डोकं सुधारता येतं. "आमच्या टायमाक असला कायेक नव्हता" असं आज्या म्हणतात, त्यांच्या टायमाक बाळ दिवसभर या मांडीवरून त्या मांडीवर फिरायचं, हेही त्यांनाच विचारून बघा.

मोहरीची उशी. बारशाला हमखास दोन येतात, शिवाय त्या मच्छरदाणीवाल्या गादीच्या सेटमध्ये एक असतेच, मधे खड्डा पाडलेली. कल्पना अशी की दाणे सरकतात आणि डोकं अधांतरी राहतं. प्रत्यक्षात डोकं त्या खड्ड्यात बसतं आणि तिथेच अडकतं, वळायला जागा नाही, आणि आपल्याला हवं असतं ते वळणं. त्यात लहान बाळाचं तोंड उशीत गेलं तर त्याला मान फिरवून श्वास मोकळा करता येत नाही, शिवण उसवली तर दाणे तोंडात-नाकात. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना कुठलीच उशी नको, मोहरीची नको, कापसाची नको, ऑनलाइन मिळणारी मेमरी फोमची तर अजिबात नको. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नका असा इशाराच दिलाय. आजीने हौसेने शिवलेली असेल तर फोटो काढा आणि कपाटात ठेवा, भांडण कशाला.

टाळू भरणं, हे पटकन संपवते. टाळू तेलाने भरत नाही, हाडं वाढून बुजते, पुढची साधारण वर्ष-दीड वर्षाला आणि मागची तर दोन-तीन महिन्यांतच. खोबरेल लावा, हरकत नाही, दाबू नका, पुढे.

मग करायचं काय? बाळ झोपतं त्या खाटेकडे बघा. आपल्याकडे खाट बहुतेक वेळा माजघरात भिंतीला लागून. एका अंगाला नुसती भिंत, दुसऱ्या अंगाला खिडकी, आई, टीव्ही, येणारी-जाणारी माणसं. बाळ तिकडेच बघणार ना! तर रोज डोक्याची आणि पायाची बाजू बदला, आज डोकं पूर्वेला तर उद्या पाय पूर्वेला (उत्तर सोडून काय ते बघा, म्हणजे सासूबाईही खूश), म्हणजे त्याच गमतीकडे बघायला त्याला दुसऱ्या बाजूला वळावं लागतं. झोपल्यावर डोकं हलक्या हाताने दुसऱ्या बाजूला वळवून ठेवा. पाजताना बाजू बदला, अंगावर पाजत असाल तर ती आपोआप बदलते, बाटलीवाल्यांनी हात आठवणीने बदलायचा. जागेपणी उचलून घ्या. पावसाळ्यात ही भानगड जास्त होते असा माझा अंदाज आहे, खळ्यात, म्हणजे अंगणात, नेता येत नाही, सगळीकडे बाळुती वाळत घातलेली, बाळ आपलं दिवसभर गादीवर. आणि प्रवास नसताना कार सीटमध्ये, बाउन्सरमध्ये तासन्‌तास ठेवू नका.

"सव्वा महिन्यानंतर उपयोग नाही" हे धादांत खोटं आणि याचा त्रास मला होतो, कारण अडीच महिन्याच्या बाळाची आई आता वेळ गेली म्हणून रडत येते. चपटेपणा बहुतेकदा दिसायलाच लागतो दुसऱ्या महिन्यात, चौथ्याच्या सुमारास जास्तीत जास्त असतो, नंतर बाळ पालथं पडायला, बसायला लागलं की कमी होत जातो. लवकर सुरू केलेलं चांगलं, पण दार बंद झालेलं नसतं.

वेळ जाते ती वेगळ्याच ठिकाणी. किनाऱ्यावरच्या एका गावातून तीन महिन्यांचं बाळ आलं, उजव्या बाजूला मागून चपटं, घरात उशा झाल्या, मालीश झालं. मी डाव्या कानाशी स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवला, डोळे डावीकडे गेले, हनुवटी जागच्या जागी. परत वाजवला, तेच. मानेवरून बोट फिरवलं तर डाव्या बाजूच्या स्नायूत बारीक गाठ. स्नायू आखडलेला होता, बाळाला डावीकडे वळताच येत नव्हतं, आणि सगळं घर डोकं दाबत बसलेलं, मानेकडे कोणाचं लक्षच नाही. आईला व्यायाम शिकवले, पाजायची आणि खेळवायची बाजू बदलली, दोन-अडीच महिन्यांत मान मोकळी झाली आणि डोकंही भरत आलं. बाळ सतत एकाच बाजूला बघतंय असं वाटलं तर हा वाटी-चमचा घरी करून बघा, पण मान ताणायचे व्यायाम व्हिडिओ बघून करू नका, कोणाकडून तरी हातात हात घेऊन शिका.

हेल्मेटचं म्हणाल तर ते खोटं नाही, आणि मेसेज म्हणतो तसा एकमेव इलाजही नाही. नेदरलँड्समध्ये ५-६ महिन्यांच्या ८४ बाळांवर चाचणी झाली, २०१४ मध्ये छापली, निम्म्यांना रोज २३ तास हेल्मेट, निम्म्यांना काहीच नाही. दोन वर्षांची झाल्यावर दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारलेले, आणि अगदी पूर्ण गोल झालेली दोन्हीकडे साधारण पाव. मान आखडलेली बाळं त्यात घेतली नव्हती. फारच वाकडं असेल आणि बाकी सगळं करून फरक नसेल तर चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान डॉक्टर विचार करतात. सौम्य चपटेपणासाठी एवढे पैसे घालून मे महिन्याच्या आपल्याकडच्या घामात २३ तास हेल्मेट, मी तरी माझ्या भाच्याला घातलं नसतं.

मेसेजमध्ये जे असायला हवं होतं ते नाहीच. काही थोड्या बाळांमध्ये कवटीचा सांधा वेळेआधीच जुळतो, तिथे उशी, कूस, व्यायाम कशानेच भागत नाही, ऑपरेशन लागतं आणि ते सहसा पहिल्या वर्षातच. खुणा अशा: आकार जन्मापासूनच वेगळा आणि वाढतच चाललेला, सांध्यावर बोट फिरवलं तर कडक उंचवटा, टाळू फार लवकर बुजलेली किंवा फुगलेली, डोक्याचा घेर वाढतच नाही, किंवा चपट्या बाजूचा कान पुढे जायच्या ऐवजी मागे ओढलेला. यातलं काही दिसलं तर फिजिओकडेही येऊ नका, थेट बालरोगतज्ज्ञाकडे, पुढे गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात किंवा मुंबईला पाठवायचं ते ठरवतील.

आणि यासाठी वेगळी फेरी मारायची गरज नाही. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीला जाताच, तेव्हा टोपरं काढून डॉक्टरांना डोकं वरून बघायला सांगा आणि घेर मोजून कार्डावर लिहून घ्या. गर्दी असते, सुई टोचली की बाळ रडायला लागतं आणि मग कोणी बघत नाही, तेव्हा सुईच्या आधी सांगा.