टाका उभा की आडवा?

खानापूर-निपाणीकडच्या बायकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : "सिझरला आडवा टाका घेऊ देऊ नका, तो नुसता दिसण्यासाठी. त्यात स्नायू कापतात, पोट सुटतं. उभ्या टाक्यात बाळ लवकर निघतं आणि पुढचं बाळंतपण नॉर्मल होतं." ऑपरेशन थिएटरात सिस्टर म्हणून माझी कैक वर्षं गेली, म्हणून लिहिते.

स्नायू कापतात हे खोटं. आडवं कापतात ते कातडी, चरबी आणि स्नायूंवरचं चिवट पांढरं आवरण. खालचे दोन उभे स्नायू मधून बोटांनी बाजूला सारतात, बस्स. उलट हर्नियाचा धोका उभ्या छेदातच जास्त. पोट सुटायचं म्हणाल तर नॉर्मल झालेल्यांचंही सुटतंच की!

बाळ लवकर निघतं, यात थोडं तथ्य आहे. वार (प्लॅसेंटा) गर्भाशयात खोलवर रुतलेली असली, मोठ्या रक्तस्रावाची भीती असली तर डॉक्टर आजही उभा छेद घेतात. पण आडव्यातही प्रकार आहेत. १९०० पासूनचा फॅननस्टील किंचित वक्र, ओटीपोटाच्या घडीजवळ. जोएल-कोहेन सरळ आणि जरा वर. त्यात आतले थर कापण्यापेक्षा बोटांनीच ताणून उघडतात. दोन्हींची तुलना झाली तेव्हा जोएल-कोहेनमध्ये वेळ, रक्तस्राव, ताप, दुखणं सगळंच कमी निघालं.

खरी घोडचूक शेवटच्या वाक्यात आहे. पुढचं नॉर्मल होणार का, हे बघताना कातडीवरचा टाका मोजतच नाहीत. गर्भाशयावरचा छेद बघतात. वर उभा आणि आत आडवा, असं असू शकतं. गर्भाशयाच्या खालच्या पातळ भागात आडवा छेद असेल तर पुढच्या कळांत तो फाटण्याचा धोका १०० जणींत एकीपेक्षा कमी. वरच्या जाड भागात उभा असेल तर १०० त ४ ते ९. तिथं कळांची वाट न बघता आधीच सिझर ठरवतात.

आपल्याकडं कर्नाटकात थायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईचं सरकारी कार्ड, कन्नडात, डिस्चार्जचा कागद इंग्रजीत. मग तो कोण वाचतंय? त्यात 'एलएससीएस' ही चार अक्षरं शोधा. 'एलएस' म्हणजे लोअर सेगमेंट, गर्भाशयाचा खालचा भाग; 'सीएस' म्हणजे सिझर.

आमच्या वन्संनी हाच मेसेज पुढं पाठवला होता. "माझा टाका उभा, म्हणून तर धाकटी नॉर्मल झाली." रेशन कार्डाच्या पिशवीतनं त्यांचा कागद काढला. घडीवर शाई उडालेली, पण चारही अक्षरं शाबूत. वन्संनी कागद उजेडात धरला, मग हळूच विचारलं, "ग्रुपवरचं आता पुसता येतंय काय गं?"