अहो रूपम्, अहो बुकमार्क

लिहिणाऱ्याला वाचक हवे असतात, हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. वाचक हा बेभरवशाचा प्राणी. तो वाचतो, कधीकधी तर शेवटपर्यंत वाचतो, आणि अवाक्षर न बोलता निघून जातो. तुम्हाला हवेत ते ब्लॉगर मित्र. दहा पुरेत. ते वाचत नाहीत, पण दुवे साठवण्याच्या आणि वर चढवण्याच्या साइट्सवर तुमच्या लेखाला खूण लावतात, मत देतात.

जोशुआ शॅक्टरने 2003 साली डिलिशस ही बुकमार्क साइट सुरू केली, ती इंटरनेटवरची आवडलेली पानं टॅग, म्हणजे विषयाची चिठ्ठी, लावून नीट ठेवता यावीत आणि पुन्हा सापडावीत म्हणून. पुस्तकात खूण घालावी तसं. पण खूण घालायची तर पुस्तक थोडं तरी वाचलेलं असावं लागतं. ही जाचक अट पुढे आपणच सर्वांनी मिळून मोडीत काढली. आता खूण आधी, वाचन सवडीने. सवड कधी मिळते, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

सुरुवात अशी करा. एखाद्या ब्लॉगरच्या लेखाला खूण लावा आणि ती तुम्ही लावल्याचं त्याला कळेल अशी व्यवस्था करा; गुपचूप केलेलं कौतुक पाण्यात जातं. त्याला भीड पडेल. भीड हेच या धंद्याचं भांडवल. चार दिवसांत तो तुमचा लेख डोक्यावर घेईल, पाचव्या दिवशी तुम्ही त्याचा. मग गट जमवा आणि फक्त एवढंच कळवत जा: ‘नवीन लेख टाकलाय, जरा बघा.’ ‘बघा’चा अर्थ ‘वाचा’ असा घेणारा एखादा निघतोच. त्याला प्रेमाने समजवा.

माझ्या एका लेखाचं पान दोन दिवस उघडतच नव्हतं. त्या दोन दिवसांत त्याला सात खुणा लागल्या आणि ‘फार आतून लिहिलंय’ अशी एक शिफारसही आली. असे मित्र जपावेत.

पथ्य एकच: घाई करू नका. वीस मिनिटांच्या लेखाला पहिल्याच मिनिटात नऊ मतं पडली, तर यंत्रालाही संशय येतो. रेडिट या दुवे टाकून मतं देण्याच्या साइटवर अशा संगनमताला मतांची फेरफार म्हणतात आणि खातं बंद करतात. त्याच रेडिटच्या संस्थापकांनी 2005 मध्ये साइट ओस दिसू नये म्हणून बनावट नावांनी स्वतःच दुवे टाकले होते, आणि पुढे ते उघडपणे सांगितलंही. थोरांनी केली तर युक्ती. तुम्ही-आम्ही केली की लबाडी.

टॅग मात्र सढळ हाताने लावा. कवितेला ‘तंत्रज्ञान’ लावल्याने कवितेचं काही बिघडत नाही.

डिग या तशाच साइटवर लेख वर न्यायला एक बटण होतं आणि गाडायला दुसरं. या दुसऱ्याचं नाव ‘बरी’, म्हणजे इंग्रजीत पुरणं. ते दाबलं की लेख बरा होत नसे, जमिनीखाली जात असे. दहा जणांच्या गटाचा खरा उपयोग इथे कळायचा. आपल्या माणसाला खांदा द्यायला दहा लागतात, दुसऱ्याचा लेख पुरायला तेवढेही नकोत.

कोणी म्हणेल, निदान सर्च इंजिनात तरी आपला ब्लॉग वर येईल. तिथेही गंमत आहे. 2005 साली गूगलने ‘नोफॉलो’ नावाची खूण आणली आणि बऱ्याच साइट्सनी लोकांनी टाकलेल्या दुव्यांना ती चिकटवली. अर्थ असा, की दुवा आमच्या दारात लावलाय खरा, पण त्याची हमी आम्ही घेत नाही. म्हणजे तुमच्या दहा मित्रांची दाद गूगलच्या कानापर्यंत पोचेलच, याचा भरवसा नाही. पण दाद गूगलसाठी नसतेच, ती आकडा बघून सुखाने झोपी जाण्यासाठी असते.

फक्त एक धोका सांभाळा: लेख खरोखरच गाजण्याचा. डिगच्या पहिल्या पानावर झळकलेल्या साइटवर अनोळखी लोकांचा असा लोंढा यायचा, की लहान सर्व्हर जागीच आडवा व्हायचा. आपल्या गटाच्या दाद देण्याने आजवर एकही सर्व्हर दमलेला नाही.

2017 साली पिनबोर्ड या दुसऱ्या बुकमार्क साइटने डिलिशस विकत घेतलं आणि तिथे नव्या खुणा घालणं बंद केलं. साइट वाचण्यापुरतीच उरली. तिथे जाऊन आता करायचं तरी काय, हे आमच्या गटातल्या दहापैकी एकालाही सुचेना.