झाकण लावून अथवा न लावता

आमच्या सोसायटीच्या फलकावर परवा लागलेली सूचना जशीच्या तशी देतो: ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, गच्चीवर रात्रौ १० नंतर कोणत्याही प्रकारचे छायाचित्रण (झाकण लावून अथवा न लावता) करण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.’

कंसातला मजकूर खास माझ्यासाठी आहे. नाव घातलं नाही, एवढीच काय ती अब्रू राखली. पण तिसऱ्या मजल्यावरचं शेंबडं पोरगं लिफ्टमध्ये मला ‘गुड मॉर्निंग, ढक्कनकाका’ म्हणालं आणि त्याची आई मोबाइलमध्ये बघत हसली, तेव्हा नाव घातलं असतं तरी चाललं असतं असं वाटलं.

झालं होतं एवढंच. मला मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा, म्हणजे वायू आणि धुळीच्या चमकत्या ढगाचा, फोटो काढायचा होता. मृगाच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या जरा खाली एक अंधूक पुंजका आहे, एम ४२. सुमारे १३०० प्रकाशवर्षं दूर, आणि तिथे अजून नवे तारे जन्माला येताहेत. कुर्ल्याच्या नेहरूनगरातून दिसू शकणाऱ्या ज्या मोजक्या खगोलीय गोष्टी आहेत, त्यातली ही एक. बाकी आहेत ती घाटकोपरवरून विमानतळाकडे उतरणारी विमानं.

अडचण अशी की एका फोटोत तेजोमेघ कमी आणि लाल-हिरवे कण जास्त येतात. त्याला नॉइज म्हणतात. लांबलचक एक्स्पोजर द्यावं, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवावं, तर पृथ्वी तासाला १५ अंशांनी फिरते, तारे रेघा होऊन बसतात. ५००ला लेन्सच्या मिलिमीटरनं भागायचं, येतील तितके सेकंद, असा ठोकताळा आहे. ५०च्या लेन्सला १० सेकंद, आणि चिकित्सक माणूस त्याच्याही निम्म्यावर थांबतो. म्हणून एकच फोटो शंभरेक वेळा काढायचा आणि घरी सॉफ्टवेअरकडून ताऱ्यावर तारा बसवून सगळ्यांची सरासरी काढायची. तारा दर फोटोत हजर, कण दर खेपेला भलतीकडे. त्यामुळे तारा टिकतो, कण विरतात. पण हा हिशोब वर्गमुळानं चालतो. ४ फोटोंनी नॉइज निम्मा, १६नी पाव, १००नी दहावा हिस्सा. एखाद-दुसऱ्या फोटोत घुसलेलं विमान सॉफ्टवेअर बहुमतानं बाद ठरवतं. ही सोय माणसांच्या बाबतीत नाही.

तर कॅमेरा ट्रायपॉडवर एकेक फोटो घेत होता, मी शांतपणे डास मारत होतो, आणि जिन्याच्या दारात खजिनदारकाका उगवले. बँकेतून निवृत्त. मुंबईत पारा विशीच्या खाली जरा घसरला की माकडटोपी चढवणाऱ्या पिढीचे. हातात टॉर्च. तो त्यांनी आधी माझ्या तोंडावर मारला, मग लेन्सच्या.

‘काय रे, कसले फोटो?’

‘आकाशाचे, काका.’

काकांनी वर पाहिलं. मग समोरच्या टॉवरच्या उजळलेल्या खिडक्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. कॅमेऱ्याचं तोंड सरळ वर होतं, पण संशयाला अंश-कोन लागत नाहीत.

‘दाखव.’

दाखवले. काका बटण दाबत पुढे-पुढे गेले. ‘हा?’ मृग. ‘हा?’ मृगच. ‘आणि हा?’

‘काका, सगळे एकच आहेत.’

‘सगळे?’

‘सगळे.’

काकांनी टॉर्च बंद केला. एवढा गंभीर चेहरा त्यांनी ऑडिटरसमोरही केला नसेल. ‘अरे, मग एक काढ आणि झेरॉक्स मार की!’

यावर खरं तर ‘हो’ म्हणून गप्प बसायचं असतं. पण आपल्याला कुणीतरी काहीतरी विचारलं, या आनंदात मराठी माणूस वाहवत जातो. झेरॉक्समध्ये कणही तेच येतात, तेच कण त्याच जागी रचले तर तेच उरणार, असं मी सांगितलं. काका ढिम्म. मग म्हटलं, ‘आपली सर्वसाधारण सभा घ्या. प्रत्येक सभेत कुरकुर निराळी. कुणी पार्किंगवर ओरडतो, कुणी कुत्र्यावर. पण पाण्याची तक्रार दरवेळी असतेच. शंभर सभांची इतिवृत्तं एकावर एक ठेवा, कुरकुर पुसली जाईल आणि पाणी तेवढं उरेल.’

‘कुठे उरलंय पाणी?’ काका उसळले. ‘शंभर सभा घेतल्या, सकाळी सातनंतर नळ कोरडा! आणि हे तू मला खजिनदार म्हणून ऐकवतोयस का?’

नाही म्हणायला पाच मिनिटं गेली. तेवढ्यात त्यांचा राग उतरला आणि त्याची जागा मदतीनं घेतली, जी जास्त भयंकर. ‘मुळात एवढ्या अंधारात काय दिसणार तुझ्या कॅमेऱ्याला?’ असं म्हणत ते टाकीजवळ गेले आणि हॅलोजन लावला. हॅलोजन म्हणायची पद्धत. खरं म्हणजे तो नवा पांढराशुभ्र एलईडी आहे आणि क्रिकेटचे सामने भरवण्याइतका आहे. मृग गेला. व्याध तेवढा केविलवाणा लुकलुकत राहिला.

म्हटलं, ठीक. उजेडात होणारं एकच काम राहिलं होतं, ते उरकू. लेन्सला झाकण लावलं, व्ह्यूफाइंडरवर रुमाल टाकला आणि पुन्हा फोटो सुरू केले.

‘अरे, झाकण!’ काका ओरडले.

‘मुद्दाम लावलंय.’

‘मुद्दाम?’

‘काळे फोटो हवेत. वीस-पंचवीस.’

याचंही कारण आहे. काही कण दर खेपेला भलतीकडे जात नाहीत. सेन्सरचे काही बिंदू तापून कायम त्याच जागी चमकतात. सरासरीत ते नीट विरत नाहीत. म्हणून झाकण लावून तितक्याच सेकंदांचे, त्याच आयएसओचे (म्हणजे प्रकाशाला तितक्याच संवेदनशीलतेचे), त्याच तापमानाचे फोटो तिथल्या तिथे घ्यायचे आणि खऱ्या फोटोंतून वजा करायचे. जगभर करतात. काकांनी हे सगळं ऐकून घेतलं.

‘म्हणजे आधी शंभर जमा केलेस.’

‘हो.’

‘आता काळे पंचवीस वजा करणार.’

‘हो.’

‘आणि शिल्लक?’

‘तेजोमेघ.’

काका टाकीच्या कठड्यावर बसले. मग जिन्यात तोंड घालून त्यांनी वॉचमनला हाक मारली. ‘अरे, ऊपर आव! साब ढक्कन लगा के फोटो निकालता है!’ वॉचमन आला, त्यानं एकवार कॅमेऱ्याकडे आणि एकवार माझ्याकडे अतिशय कणवेनं पाहिलं आणि काही न विचारता पुढे होऊन झाकण काढून माझ्या हातात दिलं. भला माणूस. माझ्यावर न हसलेला त्या इमारतीतला तो एकटाच.

जाताना काकांनी आपला मोबाइल वर धरला, तीन सेकंद श्वास रोखला आणि फोटो काढला. तीन टिंबं आणि पाण्याची टाकी. टाकी सुरेख आली होती. तो फोटो रात्रीच सोसायटीच्या ग्रुपवर पडला आणि त्याखाली ‘अप्रतिम’, ‘सुंदर’ आणि जोडलेले हात यांची रांग लागली. आता मोबाइलचा नाइट मोड करतो काय? एका दाबात भराभर अनेक फोटो घेतो आणि एकावर एक रचतो! तेच, जे मी करत होतो! पण ते खिशातल्या डबीनं गुपचूप केलं की कला, आणि मी उघड्यावर केलं की सक्त मनाई.

ज्याला ही हकीकत सांगावी तो म्हणतो, ‘वांगणीला जा ना.’ जातो की. आकाशदर्शनासाठी वर्षानुवर्षं मुंबईकर कर्जत लोकलनं तिथे जात आलेत, सतरंज्या घेऊन रात्रभर माळावर लोळत आलेत. आता तिथेही गृहसंकुलं पोचली आहेत. उद्या म्हणतील त्याच्या पुढे जा, मग घाट चढा. स्वतःच्या डोक्यावरचं आकाश बघायला माणसानं तिकीट का काढावं, हे मला कुणी सांगत नाही. जॉन बॉर्टल या अमेरिकन निरीक्षकानं २००१ साली आकाशाच्या काळोखाची ९ पायऱ्यांची मोजपट्टी दिली. आपण शेवटच्या पायरीवर बसलोय, आणि खाली दहावी नाही म्हणून थांबलोय. रस्त्यावरचे पिवळे सोडियमचे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले, त्यांतला निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. काही उजेड रस्त्यावर पडतच नाही, वर जातो. वर कोण चालतंय? आणि हा उजेड फोटोतून वजा करता येतो म्हणून कुणी समजूत घालू नये. उजेड वजा होतो. त्याच्याबरोबर आलेला नॉइज होत नाही. तो घालवायला आणखी फोटो, म्हणजे आणखी तास, म्हणजे आणखी खजिनदारकाका.

कमिटीनं त्या रात्रीपासून हॅलोजन दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत चालू ठेवायचा ठराव केलाय. ‘सभासदांच्या सुरक्षिततेसाठी.’ गच्चीला कुलूप आहे, त्यामुळे सुरक्षित आहेत ती कबुतरं. विजेचं बिल मेंटेनन्समध्ये सगळ्यांना समान.

मी रीतसर अर्ज दिला, दोन प्रतींत, की दिवा बंद करू नका, निदान तोंड खाली वळवा. काकांनी शिक्का मारून पोच दिली. वर विचारलं, वळवायला इलेक्ट्रिशियन लागेल, त्याचे पैसे कोण देणार? मी म्हटलं, मी देतो. काकांनी चष्मा काढला, पुसला.

‘तसं नाही चालत. आज तू स्वखर्चानं दिवा वळवशील, उद्या आणखी कोणी टाकी वळवेल.’