'ना' की 'व'?

आज एका मुंजीला गेलो होतो. पंगतीत शेजारी आमचे एक लांबचे काका, बँकेतून रिटायर झालेले, माणूस तसा लाख. मी युक्रेनमधून एमबीबीएस केलंय हे त्यांना माहितीये, त्यामुळे मठ्ठा येईपर्यंत विषय तिकडेच गेला. म्हणाले, "अरे युक्रेन युक्रेन काय करता, 1991 च्या आधी असा देश तरी होता का? रशियाच तो. लेनिननं रेघ मारली नि झाला देश." माझ्या तोंडात जिलेबी होती म्हणून गप्प बसलो. आता रात्री साडेअकराला टाइप करतोय, बायको म्हणतेय झोप, पण झोप कुठली येतीये.

मला आमच्या खारकीव्हच्या आज्जी आठवल्या. तिसऱ्या वर्षाला हॉस्टेल सोडून मी साल्तिव्का नावाच्या वस्तीत त्यांच्याकडे खोली घेतली होती, नववा मजला, लिफ्ट कायम बंद. कॉलेज इंग्लिश मीडियम, पण पेशंटशी बोलायला रशियन शिकवायचे आणि शहरही बहुतेक रशियनच बोलायचं, आज्जीसुद्धा. एकदा त्या बटाटे सोलत बसलेल्या नि मी नुकतं शिकलेलं पाजळत म्हणालो की मी 'ना उक्राइने', म्हणजे युक्रेनमध्ये, तीन वर्षं राहतोय. सुरी थांबली. वर बघितलं आणि एकच अक्षर बोलल्या, "व."

मला काही कळेना. मग त्यांनी टेबलावर थाप मारली, हे 'ना', म्हणजे 'वर'. बेटावर, 'ना'. गावाच्या कडेला, 'ना'. मग म्हणाल्या, भारतात म्हणताना काय म्हणतोस? 'व', म्हणजे 'मध्ये'. पोलंडमध्ये? 'व'. मग माझा देश काय टेबल आहे का?

आपल्याकडे बघा, आपण 'घाटावर' म्हणतो, 'देशावर' म्हणतो, पण 'महाराष्ट्रावर राहतो' असं कुणी म्हणालं तर कसं वाटेल? एका शब्दयोगी अव्ययात तुमचा देश आहे की कुणाच्या तरी अंगणाची कड, हे ठरतं. (हो, माहितीये, युक्रेनचा राष्ट्रकवी शेव्चेन्को, खुद्द त्याच्या कवितेत 'ना' आहे. कुणीतरी कमेंटमध्ये टाकणारच म्हणून आधीच सांगून टाकतो.)

आणि काका, रेघ लेनिननं मारली म्हणता, तर 1863 साली झारच्या गृहमंत्र्यानं परिपत्रक कशाला काढलं हो? वेगळी 'छोट्या रशियाची' (म्हणजे युक्रेनची) भाषा कधी नव्हती, नाही आणि असूच शकत नाही, असं त्यात लिहिलंय आणि त्याच कागदात त्या भाषेत धार्मिक आणि शाळेची पुस्तकं छापायला बंदी! नसलेल्या भाषेवर बंदी कोण घालतं? तेवढ्यानंही भागलं नाही म्हणून 1876 ला झार जर्मनीत एम्सला हवापालटाला गेलेला असताना तिथूनच अजून कडक हुकूम, बाहेरून पुस्तकं आणायची नाहीत, नाटकं करायची नाहीत. तेव्हा लेनिन सहा वर्षांचा होता. आणि शेव्चेन्को, वेठबिगार म्हणून जन्मलेला पोरगा, 1838 ला एका चित्राची लॉटरी काढून 2500 रूबल जमवले तेव्हा कुठं सुटला, पुढं 1847 ला कवितांपायी हद्दपार, वर झारचा हुकूम की ह्याला लिहू द्यायचं नाही, चित्रं काढू द्यायची नाहीत. तो बुटात छोटी वही लपवून लिहीत राहिला. ही सगळी माणसं कुठल्या देशासाठी हे करत होती, जो नव्हताच त्याच्यासाठी?

1 मे 1960 च्या आधी महाराष्ट्र राज्य नव्हतं, मग आपले पणजोबा कोण होते?

बरं, आता थोडं शांत होतो. ह्या आज्जींची गंमत म्हणजे माझ्याशी, शेजाऱ्यांशी, दुकानात, सगळीकडं रशियन. फक्त मांजराशी युक्रेनियन. रशियनमध्ये बोक्याला 'कोत' म्हणतात, त्या 'कित' म्हणायच्या. विचारलं तर म्हणाल्या, खेड्यातून शहरात आले तेव्हा माझी भाषा ऐकून पोरी हसायच्या, मांजर हसत नाही.

त्या पोल्तावाकडच्या. 1933 ला, स्टॅलिनच्या काळातल्या उपासमारीत, पाच वर्षांच्या. ते त्यांनी एकदाच सांगितलं आणि तेव्हा आपोआप युक्रेनियनमध्ये गेल्या, मला अर्धंच कळलं. लोखंडी सळया घेऊन सरकारची माणसं यायची, जमिनीत, भट्टीत खुपसून धान्य शोधायची. दोन वर्षांचा भाऊ गेला. शेतकऱ्यांना बाहेर पडून शहरात जाता येऊ नये म्हणून त्या जानेवारीत रस्ते नि रेल्वे अडवलेली. एकट्या युक्रेनमध्ये 35 ते 40 लाख माणसं मेली, धान्य पिकवणारा देश, आपल्या विदर्भासारखीच काळी जमीन. ताटात ब्रेडचा तुकडा ठेवला की आज्जी काही बोलायच्या नाहीत, नुसतं बघायच्या. मी आजही ताटात काही टाकत नाही, आजची जिलेबीसुद्धा संपवली.

ठीक आहे, युक्रेनवाले पण काही संत नाहीत. 1943 ला पश्चिमेकडच्या वोलिन भागात त्यांच्यातल्याच लोकांनी पोलिश गावंच्या गावं कापली. पाकिस्तानला रणगाडे विकले. क्रिमिया 1954 ला मॉस्कोतून बसल्याजागी मिळाला, तेही खरं. मान्य. पण 1 डिसेंबर 1991 च्या मतदानात नव्वद टक्क्यांवर लोकांनी स्वतंत्र व्हायचं म्हणून सांगितलं, रशियन बोलणाऱ्या दोनेत्स्कमध्येसुद्धा ऐंशीच्या वर. रशियन बोलतो म्हणजे रशियन, हे लॉजिक लावायचं तर काका, तुमचा नातू पुण्यात इंग्लिश मीडियमला आहे आणि घरी पण इंग्लिशच फाडतो, तो कोण मग?

आज्जी 2017 लाच गेल्या, बरंच झालं म्हणायचं, कारण 2022 च्या मार्चमध्ये टीव्हीवर साल्तिव्का दाखवलं तेव्हा ओळीनं जळलेल्या बिल्डिंगांत मी नववा मजला मोजत बसलो होतो. त्यांची नात आहे, तिला परवा रशियनमध्ये मेसेज केला, पूर्वी आम्ही तसंच बोलायचो. उत्तर युक्रेनियनमध्ये आलं. रागानं नाही, स्मायली वगैरे होती, पण रशियन एक शब्द नाही. ट्रान्सलेटर लावून वाचलं.

काका रविवारी क्लिनिकला येणारेत बीपी दाखवायला. आधी कफ बांधून रीडिंग घेईन, 'ना' आणि 'व' नंतर. नाहीतर उगाच गोळी वाढवावी लागायची.